बावीस अंशांची नोंद

बाबांच्या वहीचं शेवटचं पान ठेवायचं की रद्द करायचं, एवढंच ठरायचं होतं. प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं त्यांनी मोजमापं घेतली. त्यांचं एकही पान कधी रद्द झालं नव्हतं.

क्रोमियमचा तो तुकडा नखाएवढा. त्यातले अणू शेजाऱ्याच्या बरोबर उलट तोंड करून बसतात, म्हणून बाहेरून चुंबकपणा जाणवतच नाही. "तुझी आई आणि मी," बाबा म्हणायचे, "बाहेरच्यांना वाटतं, घर कसं शांत." तुकडा तापवत नेला की अडतीस अंशांच्या आसपास ती रचना मोडते आणि मोजमापाच्या आलेखाला बारीक बाक येतो. शेवटच्या पानावर बाबांनी हा बाक बावीस अंशांवर नोंदवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

"ताप काकांना होता, नोंद तुकड्याची झाली," प्रयोगशाळेचे सर म्हणाले आणि लगेच ओशाळले. बाबांना ते काका म्हणत. "सॉरी गं."

"बाबांनीही हेच म्हटलं असतं. एकदा मोजून बघू या?"

"एकदा नाही, तीनदा. नियम काकांचाच आहे."

सरांनी तुकडा चिमट्याने यंत्रात ठेवला. आलेख सरळ चालला आणि बावीसवर वाकला. त्यांनी तापमानाचा सेन्सर बदलला. पुन्हा बावीस.

"सेन्सर बावीस दाखवतो तेव्हा तुकडा आतून अडतीसवर असतो," सर हळू आवाजात म्हणाले. "जसं काही कुणी तो मुठीत धरून ऊबदार..." वाक्य तसंच सोडून ते तिसरा सेन्सर आणायला शेजारच्या खोलीत गेले.

यंत्रातून काढलेला तुकडा बशीत होता. त्याला हात लावायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत. मी तो उचलला. कोमट होता. शेवटच्या दुपारी बाबांचा हात होता, तेवढाच. मी उजवी मूठ मिटली. माझ्या मुठीत तो हळूहळू गार पडत गेला; ऊब तळहातात उरली.

पावलं ऐकू आली तसा मी तो परत ठेवला आणि मूठ पुन्हा मिटली.

तिसऱ्या वेळी आलेख बावीस ओलांडून गेला. तीसही. अडतीसवर वाकला.

सर पडद्यावरून माझ्याकडे वळले.

"हात लावलास का?"

"हो."

"काकांनी फाडून खाल्लं असतं तुला."

"हो."

त्यांनी पानावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहून सही केली आणि साक्षीच्या दुसऱ्या सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं. मी ते डाव्या हाताने घेतलं. उजवी मूठ मला इतक्यात उघडायची नव्हती.