पाणकणसातली खिडकी

"जाताना सोडणार आहात ना?" काठावरून आवाज आला.

एक्सरेकाका गुडघाभर पाण्यात वाकून उभे होते. पाणकणसाच्या, तळ्यात वाढणाऱ्या त्या उंच गवताच्या, पात्यांचा एक जुडगा त्यांनी डाव्या हाताने बाजूला ओढून धरला होता आणि उजव्या हाताने त्याला पट्टी गुंडाळत होते. पट्टी हॉस्पिटलातली होती, प्लॅस्टरखाली घालतात तसली. दोरीने पाती चिरतात, पट्टीने चिरत नाहीत.

"रोज सोडतो," ते मागे न बघता म्हणाले.

"रोज सोडता म्हणूनच विचारतोय. रोजच्या कामातच माणूस चुकतो."

बोलणाऱ्या गृहस्थांना तळ्यावर सगळे 'दुर्बीण' म्हणत. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात जुनी दुर्बीण आणि मनात कॅमेरेवाल्यांबद्दल राग. पक्षी बघायचा असतो, घरी न्यायचा नसतो, हे त्यांचे ठाम मत होते आणि ते विचारल्याशिवायही ऐकायला मिळे.

"तुम्ही लोक कुणाच्या घरी जेवायला गेलात ना," ते म्हणाले, "तर उजेड नीट यावा म्हणून आधी भिंत पाडाल."

"भिंत नाही पाडली. खिडकी केलीय. बंद होते ती."

"बरं. खिडकी."

काका पाण्याबाहेर आले आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्यामागे बसले. पाती बाजूला झाली तिथून आत टिबुकलीचे घरटे दिसत होते. टिबुकली म्हणजे मूठभर पाणपक्षी. बदकाचे पिल्लू वाटावे एवढा. तिचे घरटे म्हणजे कुजक्या पाणवेलींचा ओला ढीग. तो पाण्यावर तरंगतो आणि वाहून जाऊ नये म्हणून पाणकणसाला अडकवलेला असतो. घरट्यावरून उठताना ती चोचीने ओल्या वेली ओढून अंडी झाकते. मग समोरून कुणी गेले तरी त्याला कचराच दिसतो. पण घाबरून उठली तर झाकायला वेळ मिळत नाही. तेव्हा अंड्यांना आडोसा उरतो तो फक्त पाणकणसाचा.

थोड्या वेळाने ती परत आली. ढिगावर चढली, वेली बाजूला केल्या, अंडी पायांनी सरकवली आणि बसली. काकांनी बटण दाबले. मग पुन्हा पाण्यात उतरून पट्टी सोडली, पाती हाताने सारखी केली आणि ड्यूटीवर गेले.

हॉस्पिटलच्या तळघरात एक्सरेची खोली होती. तिथे त्यांची बरीच वर्षे गेली होती. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे ते एक्सरेकाका, आणि त्यामुळे त्यांची बायको सगळ्यांची काकू. काकूंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांना याच हॉस्पिटलात आणले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. फक्त एक शब्द राहिला. 'आणि.' पाणी हवे असले, कूस बदलायची असली, दुखत असले, तरी काकू 'आणि' म्हणत. मेंदूत असे होते, डॉक्टर म्हणाले. एखादाच शब्द वाचतो, तो कुठला हे कुणाच्या हातात नसते. त्यांना समजते मात्र सगळे.

घरी आणल्यावर काकूंनी खाणे सोडले. गिळता येत होते, पण तोंड उघडत नव्हत्या. एकदा नाकातून नळी घातली, ती त्यांनी डाव्या हाताने उपसून काढली. मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली आणि तिने शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहाची चौकशी केली.

"तिथे चोवीस तास नर्स असतात, बाबा. नळी काढू देत नाहीत."

नळी कशी काढू देत नाहीत, हे काकांना ठाऊक होते. तिथले रुग्ण छातीच्या एक्सरेला त्यांच्याकडेच येत. कित्येकांच्या मनगटावर पट्टीचे वळ असत. पलंगाच्या दांडीला बांधायची ती पट्टीही अशीच मऊ असते, कातडी चिरू नये म्हणून.

"थोडं थांबू," ते मुलीला म्हणाले होते.

"किती थांबायचं? आई वाळत चाललीय."

मग एका संध्याकाळी, काही सुचेना म्हणून, काकांनी सकाळी काढलेला फोटो टीव्हीवर लावला. टिबुकली घरट्यावर बसलेली, पाठीवर पाण्याचे थेंब. काकू बघत राहिल्या. बघता बघता तोंड किंचित उघडले आणि देखभालीला येणाऱ्या मावशींनी चमचा आत सरकवला. वाटीभर सूप गेले. संपल्यावर काकू टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "आणि?"

"आणि उद्या," काका म्हणाले.

तेव्हापासून रोज एक फोटो. जुना चालत नसे. काल दाखवलेला पुन्हा लावला की काकू मान वळवत. झटक्याआधी सुटीच्या दिवशी त्या तळ्यावर काकांबरोबरच असायच्या. फोटो त्यांनी कधी काढला नाही, पण अंडी कुठल्या आठवड्यात फुटतील ते त्या बोटांवर मोजत. आता त्या कशाची वाट बघत होत्या ते उघड होते. टिबुकलीची पिल्ले जन्मतः पट्ट्यापट्ट्यांची असतात आणि आईच्या पाठीवर बसून फिरतात.

"मला तर त्यात कचराच दिसतो बाई," मावशी म्हणत. "पण खातायत ना? मग उद्या गटाराचा फोटो आणा, मी लावीन."

घरटे काठावरून दिसत नव्हते. म्हणून खिडकी.

मग एका सकाळी टिबुकली परतायला उशीर करत होती. ती आली, बसली आणि काका बटण दाबणार तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मावशी होत्या.

"काका, लवकर या. चहा देत होते, घशात अडकला. निळ्या पडल्यात त्या."

काकांनी कॅमेरा तिकाटण्यासकट उचलला आणि धावत सुटले.

ॲम्ब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला, काकूंना अतिदक्षता विभागात घेतले. चहा फुप्फुसात गेला होता. छातीचा एक्सरे हवा होता. दुसऱ्या तंत्रज्ञाने विचारले, "मी काढू का, काका?" काकांनी मान हलवली आणि मशीन स्वतःच ढकलत वर नेले. प्लेट काकूंच्या पाठीखाली सरकवली. खांदे सरळ केले.

"श्वास घ्या," ते म्हणाले. "रोखून धरा."

म्हटल्यावर त्यांना जाणवले की सवयीने आपण बायकोला अहोजाहो करतोय. काकूंना श्वास रोखता आला नाही. चित्र हलले. दुसरे काढावे लागले. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग होता. कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाताला मलमपट्टी चाललेली बघताना त्यांना आठवले. पाती बांधलेलीच राहिली होती.

त्यांनी फोन काढला. दुर्बीण यांचा नंबर त्यात होता. एक फोन केला असता तर ते चप्पल न घालता तळ्यावर गेले असते. पण आधी सांगावे लागले असते की सोडायची राहिली. पुढे ते काय म्हणतील हेही काकांना ऐकू येत होते. त्यांनी फोन खिशात ठेवला. संध्याकाळी तासभर सुटका मिळेल, आपणच जाऊ, कुणाला कळायचेही नाही, असे ठरवले. संध्याकाळी काकूंना ताप चढला. उद्या सकाळी जाऊ, असे ठरवले. सकाळी डॉक्टरांची फेरी होती. टिबुकली शहाणी असते, पाती थोडी वाकली म्हणून घरटे सोडत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. समजूत पटत नव्हती, तरी कामापुरती पुरली.

ताप उतरून काकू वॉर्डात आल्या. डोळे उघडून काकांकडे बघत त्यांनी पहिला शब्द उच्चारला.

"आणि?"

काकांनी बाहेर येऊन दुर्बीण यांना फोन लावला.

"पट्टी राहिलीय," ते म्हणाले. "हिला हॉस्पिटलात आणलंय. त्या गडबडीत."

"कधीपासून?"

काकांनी सांगितले.

"बरं. जातो."

तासाभराने फोन आला. "सोडली मी पट्टी. पाती उभी केली." दुर्बीण म्हणाले. "कावळ्यांना सापडलं होतं. कवचं पडलीत पाण्यात. ती टिबुकली होती आसपास, आता नाहीये."

"सगळी?"

"सगळी." मग म्हणाले, "वहिनींना कसंय?"

त्यांनी टोमणा मारला नाही. मारला असता तर काकांना बरे वाटले असते.

काकूंना घरी सोडले त्या दिवशी मुलीचा फोन आला. "रविवारी येतेय मी. डॉक्टरांशी बोललेय. तोंडाने पुरेसं जात नसेल तर नळी घालावीच लागेल, आणि घरी ते जमणार नाही. तुम्ही आता हट्ट नका करू, बाबा."

"खाईल ती."

"हॉस्पिटलात काय खाल्लं?"

"हॉस्पिटलात कोण खातं? तिथलं सूप मीसुद्धा पीत नाही."

"बाबा, चेष्टा नको."

"रविवारपर्यंत बघ तर."

दुपारी काकू झोपल्या असताना काका संगणकाशी बसले. काही वर्षांपूर्वीचे फोटो वेगळ्या कप्प्यात होते. त्यातले कित्येक कधी कुणाला दाखवलेच नव्हते. त्यांना हवा तो सापडला. टिबुकली पाण्यावर, पाठीच्या पिसांतून दोन पट्टेदार डोकी वर आलेली, तिसरे पिल्लू मागे पोहत येतेय. पिल्ले काठाजवळ आली होती, म्हणून खूप जवळून मिळाला होता. काठाजवळचे शेवाळही स्वच्छ दिसत होते. काकांनी त्याला हात लावला नाही, तसाच टीव्हीवर पाठवायला ठेवला. टिबुकली तीच की दुसरी हे कुणाला सांगता येते?

संध्याकाळी मावशींनी सूप दाट करून आणले. पातळ द्यायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते. "आज मी देतो," काका म्हणाले. मावशी वाटी ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी उशा लावून काकूंना बसते केले आणि टीव्ही लावला.

"बघ. झाली पिल्लं."

काकूंनी बघितले. चेहऱ्याची डावी बाजू हलली, मग आणखी हलली. उजवी तशीच राहिली. त्यांनी तोंड उघडले. काकांनी चमचा दिला. गिळेपर्यंत हनुवटीखाली बोट धरून थांबले, नर्सने शिकवले होते तसे. दुसरा चमचा गेला. काकूंचे डोळे पाठीवरच्या पिल्लांवरून पोहणाऱ्या पिल्लाकडे आले, तिथून पाण्यावरून खाली, काठाकडे. आणि थांबले.

त्यांनी डावा हात उचलला आणि बोट टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याकडे नेले.

काकांनी चमचा हातात धरूनच बघितले. आधी काही दिसले नाही. मग दिसले. सूर्य पाठीमागे, अगदी खाली असताना काढलेला फोटो होता. शेवाळावर दोन लांब सावल्या पडल्या होत्या. एक तिकाटण्यावर वाकलेली. तिच्या शेजारी दुसरी, सरळ उभी, कमरेवर एक हात, डोक्यावर रुंद काठाची टोपी. तळ्यावर काकू अशाच उभ्या राहात.

काकू त्या सावलीकडे बघत होत्या. मग काकांकडे बघितले. त्या रागावल्या असत्या तर काका काहीतरी बोलू शकले असते.

"यंदाची गेली गं," ते शेवटी म्हणाले. "तुझ्यासाठी मावशींचा फोन आला तेव्हा पाती बांधलेली राहिली. नंतर सांगायची लाज वाटली मला. एक फोन करायचा होता."

काकूंना समजते सगळे, असे डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी पुन्हा टीव्हीकडे बघितले. काकांनी चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेले होते. त्यांनी थोडे थांबून परत लावला. सूप हनुवटीवर ओघळले, ते त्यांनी रुमालाने टिपले.

"दोन चमचे घे. रविवारी ती येतेय. दोन घे फक्त."

ओठ उघडले नाहीत. दातही घट्ट नव्हते, जबडाही आवळलेला नव्हता. काकूंनी नुसते मिटले होते, दार लोटून घ्यावे तसे.

स्वयंपाकघरात मावशींचा फोन वाजला. "हो ताई," त्यांचा आवाज आला, "काकाच भरवतायत. किती घेतलं? थांबा हं, बघून सांगते."

काकांनी वाटीकडे बघितले. सूप जवळजवळ तसेच होते. त्यांनी चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. गार झाले होते, मीठ जवळपास नव्हते. दुसरा घेतला. तिसरा घेतला. काकू त्यांच्याकडे वळल्या होत्या आणि एकटक बघत होत्या. काका भराभर खात होते. शेवटी त्यांनी वाटी तिरकी करून तळाचे खरवडले.

मावशी फोन कानाला लावूनच दारात आल्या. वाटी बघितली.

"संपवलं की सगळं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "खरंच सांगते ताई, वाटी स्वच्छ आहे. तुम्ही उगीच काळजी करता."

काकांनी मान डोलावली. मग उशाशी ठेवलेला रुमाल घेऊन त्यांनी काकूंचे कोरडे ओठ पुसले.