मास्तरांचं औषध ताईला

“बाई, तुमच्याकडे येणारी माणसं खरंच बरी होतात, की नुसतीच येत राहतात?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या पोटात विचारला गेला. विचारणारी होती शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. मी तिला धाकटी म्हणते. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, ‘भाषणात पहिली आलीस ना? मग त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना हे विचारून दाखव!’ धाकटीला तेव्हा नुकतंच तोंड फुटलं होतं. आधी ही पोर मोठ्या बहिणीच्या ओढणीआड लपायची. वक्तृत्वाचा चषक घरी आला आणि हिची भीडच चेपली. सगळं जग म्हणजे एक माईक, आणि तो हिच्याच हातात!

तिसरा मजला मागे पडला तेव्हा बाई म्हणाल्या, “काही बरी होतात. काही येत राहतात. आणि काही यायची थांबतात. त्यांचं पुढं काय झालं ते मला कधीच कळत नाही.”

“मग आमची ताई यातली कुठली?”

“ते अजून ठरायचंय.”

धाकटी पैज जिंकली होती, पण तिचा चेहरा काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

तर मी एक जुनी लिफ्ट आहे. कारखान्यातून मी सुट्या भागांत आले आणि या इमारतीच्या पोटात मला जोडलं गेलं. सुतारानं माझ्या आत शिसवी फळ्या बसवल्या, आरसा लावला, कोपऱ्यात एक घडीची बैठक ठोकली. पुढे जाळीचं दार. ते हातानं ओढून लावायचं. दार पुरतं लागल्याशिवाय मी जागची हलत नाही, मग आत राजा असो की रद्दीवाला. सुरुवातीला काय माझा थाट होता म्हणून सांगू! माणसं काम नसतानाही वर-खाली करायची. “काय अलगद जाते हो!” म्हणत माझ्या फळ्यांवरून हात फिरवायची. मग कौतुक सरलं. तेल वेळेवर मिळेना. आरशाला तडा गेला. कुणीतरी खिळ्यानं आपलं प्रेम माझ्या अंगावर कोरलं. त्या प्रेमाचं काय झालं देव जाणे, ओरखडा मात्र टिकला. मी कुरकुरायला लागले आणि लोक मला ‘म्हातारी’ म्हणायला लागले.

अशात पाचव्या मजल्यावर बाई आल्या. ज्यांना भीतीनं ग्रासलंय, ज्यांच्या वागण्यापायी घरचे टेकीला आलेत, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. बाईंचं निम्मं काम त्यांच्या खोलीत चालायचं आणि निम्मं माझ्यात. खोटं वाटेल, पण म्हातारपणी मला पुन्हा भाव आला!

सगळ्यात आधी आले मास्तर. निवृत्त, धिप्पाड, आवाज असा की भिंतीनं कान झाकावेत. पण माझ्यात शिरायचं म्हटलं की घामाघूम. “छातीत धडधडतं हो बाई. आत चक्कर येऊन पडलो तर?”

बाई म्हणाल्या, “मग आज चक्कर आणूच या. घ्या जोरजोरात श्वास. पडा बघू.”

मास्तरांनी डोळे मिटले, भात्यासारखे श्वास घेतले, पण चक्कर काही येईना. शेवटी भडकले. “अशी हुकमी येते होय चक्कर? ती काय माझ्या वर्गात बसते?” पाचवा मजला आला तरी ते भांडतच होते, आणि आपण वर पोचलो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पुढच्या खेपेला तर “आज पडतोच बघा!” असं म्हणत आपणहून शिरले.

मग आली तोफ. हे तिच्या आजीनं ठेवलेलं नाव. एवढीशी पोर, पण चावायची, लाथा घालायची, माझी सगळी बटणं एकदम दाबायची. घरचे नि शाळेतले तिच्यावर ओरडून ओरडून दमले होते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला कामाला लावलं. येणाऱ्याला मजला विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत हात पाठीमागे ठेवायचे. थांबलीस तर बटण तुझं. पहिल्या दिवशी थांबली नाही, बटण मिळालं नाही, म्हणून मला अशी लाथ घातली की अजून खोक आहे. पण एके दिवशी एक आजोबा आत आले आणि कुठल्या मजल्यावर जायचं तेच विसरले. आठवताहेत, आठवताहेत, खिसे चाचपताहेत. तोफेचा चेहरा टोमॅटोसारखा लाल! तरी हात मागेच. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मला कुठले हात?

आणि ताई. धाकटीची ताई.

ताईनं कॉलेज सोडलं होतं. मी पडेन, अडकेन, ही तिची भीती नव्हतीच. तिची भीती वेगळी होती. आपल्यामुळे दुसऱ्याला काहीतरी होईल. आपण गॅस नीट बंद केला नाही म्हणून घर पेटेल. आपण लिफ्टमध्ये चढलो म्हणून ती बंद पडेल आणि आतल्या माणसांना इजा होईल. म्हणून ती जिन्यानं चढायची. आणि दर जिन्यावर आईला विचारायची, “काही होणार नाही ना?”

“नाही गं बाळा, काही होणार नाही.” आईचा जीव तुटायचा, मग ती असं म्हणायची. ताईला क्षणभर बरं वाटायचं. की लगेच पुन्हा तेच.

बाईंनी धाकटीला समजावलं, “हे उत्तर म्हणजे खाजवणं आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण जखम चिघळते.”

“मग मी काय म्हणू?”

“म्हण, माहीत नाही ताई, बघू या.”

“शी! किती दुष्ट वाटतं ते.”

“वाटतं खरं,” बाई म्हणाल्या. “घरात सगळ्यात अवघड काम तुलाच देतेय मी.”

ताईशी बाईंनी थट्टा केली नाही. तिला बटणाचं आमिषही दाखवलं नाही. त्या माझ्या आत घडीच्या बैठकीवर नुसत्या बसायच्या आणि ताई बाहेर उभी राहायची. कित्येक दिवस एवढंच. येणारे-जाणारे वैतागायचे, “काय हो, लिफ्ट आहे की बैठकीची खोली?” बाई हसून जिना दाखवायच्या. नियम एकच होता. दार ताई स्वतः ओढेल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लागेल तितके दिवस लागू देत.

एके दिवशी ताई आत आली. मग एके दिवशी तिनं दाराची मूठ धरली. ती तिनं इतक्यांदा धरली-सोडली की माझी अख्खी जाळी किणकिणली. दार निम्म्यापर्यंत आलं आणि थांबलं. पुढचे कित्येक दिवस ते निम्म्यावरच राहिलं. धाकटी बाहेरून बघायची आणि मुठी आवळायची. मलाही वाटायचं, ओढ गं बाई, ओढ! पण मी गप्प उभी राहायचे. उभं राहणं मला जमतं.

ताईचे बाबा चष्म्याच्या दुकानात काम करायचे. भला माणूस. पण लेकीचं निम्म्यावर अडलेलं दार बघून आतल्या आत जळत होता. एका दुपारी आई, बाबा, ताई, धाकटी अशी चौघंही खाली उभी होती, बाई अजून वरून यायच्या होत्या. तेवढ्यात मास्तर माझ्यातून बाहेर पडले. बरे झालेले, रंगात आलेले.

“अहो, मला बाईंनी नुसतं चिडवलं हो!” त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. “म्हणे पडून दाखवा! गडी दोन खेपांत मोकळा! भीतीला कुरवाळायचं नसतं, धक्का द्यायचा असतो. घ्या माझ्याकडून लिहून.”

मास्तर गेले. ताई माझ्यात येऊन उभी राहिली, मूठ धरून. दार निम्म्यावर. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम आत शिरले.

“चल गं, आज ही लिफ्ट बंद पाडूनच दाखव! बघू तर तुझ्यात किती जोर आहे!” बाई मास्तरांशी हसायच्या तसंच ते हसले.

ताई हसली नाही. “बाबा, नको.”

“अगं, काही होत नाही!”

“बाबा, दाराला हात लावू नका!” धाकटी बाहेरून ओरडली.

बाबांनी ताईचा हात बाजूला केला आणि दार खाडकन लावलं. बटण दाबलं. दार लागलं की मला निघावंच लागतं. मी निघाले. आणि दोन मजल्यांच्या मधोमध माझ्या मोटारीनं मान टाकली.

कधी नाही ते नेमकं तेव्हाच, असं तुम्ही म्हणाल. नाही हो. मी याआधीही कितीदा तरी अशी थांबले होते. तेल नाही, देखभाल नाही, दुसरं काय होणार? पण हे ताईला कोण सांगणार? बाबा घाबरले. दार हिसकायला गेले आणि जाळीत त्यांचं बोट सापडलं. माझ्या फरशीवर रक्त सांडलं.

ताई किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “मी सांगत होते ना.” दुरुस्तीवाला येऊन मला खाली उतरवेपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली. बाबा रुमाल गुंडाळत “साधं खरचटलंय” म्हणत होते. रुमाल लालभडक झाला होता.

ताई पुन्हा आली नाही.

ती आता खोलीबाहेरही येत नाही, हे मला जिन्यावरच्या बोलण्यातून कळलं. बाबांचं ते बोट कायमचं ताठ राहिलं. चष्म्याचे बारके स्क्रू त्यांना आता फिरवता येत नाहीत. ताई ते बोट बघते आणि दार लावून घेते. बाई त्यांच्या घरी जातात, बंद दाराबाहेर बसून येतात आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतात. दमतात म्हणून की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी आली. परवा माणसं येऊन मापं घेऊन गेली. नवीन लिफ्ट येणार आहे. तिचं दार म्हणे आपोआप लागतं. आत माणूस तयार आहे की नाही, कुणी बघायलाच नको. मी भंगारात जाणार.

त्याचं दुःख फार नाही. दुःख याचं आहे की मास्तरांच्या कामी मी आले, तोफेच्या कामी आले, आणि जिला माझी सगळ्यात जास्त गरज होती तिच्या भीतीला मीच पुरावा होऊन बसले. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला तेल द्या, ते सोपं आहे. माणसाकडे मात्र आधी नीट बघा. एकाला थट्टेनं उतारा पडला म्हणून दुसऱ्याला थट्टेचा डोस पाजू नका. आणि निम्म्यावर आलेलं कुणाचं दार मायेपोटीसुद्धा ओढू नका. मी हे कळवळून सांगते आहे, पण ऐकतं कोण? बंद लिफ्टसमोर कुणी थांबत नाही.

आज मात्र तिघं थांबली. आई, बाबा आणि धाकटी. बाईंना काहीतरी सांगायला आली होती, पण जिन्याकडे पाय वळत नव्हते.

“बोलायचं काय आहे त्यात?” आई म्हणाली. “आता तुम्ही घरी येऊ नका म्हणायचं. ताईला ठेवायचं ठरवलंय त्या संस्थेत सगळ्यांना एकच शिस्त असते. एकच वेळापत्रक, दारं बंद. महिन्याभरात माणूस ताळ्यावर येतो म्हणतात.”

“कोण म्हणतात?” धाकटीनं विचारलं.

“म्हणतात लोक.”

“बाबा, दुकानात कुणी म्हणालं की शेजाऱ्याचा चष्मा छान आहे, तोच मला द्या, तर तुम्ही देता?”

बाबा आपल्या ताठ बोटाकडे बघत राहिले. “एकदा माझ्या अकलेनं चाललो ना,” ते म्हणाले. “काय झालं बघितलंस. आता मला माझी अक्कल नको. कुणीतरी घेऊन जावं आणि करावं काय ते.”

आईनं डोळे पुसले. “ती दोन घास खाऊन ताट सरकवते. उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे? मला काय हौस आहे होय लेकीला पाठवायची? गाडी ठरलीये परवाची. तू फक्त ताईला सांग, मावशीकडे जायचंय म्हणून. तुझं ऐकते ती. गाडीत बसली की पुढचं आम्ही बघू.”

धाकटी एरवी कशी फटाफट बोलते! आज तिनं माझ्या जाळीला पाठ टेकवली. तिचा श्वास माझ्या गजांना कळत होता. बोलली तेव्हा आवाज भाषणातला नव्हता.

“मी मावशीचं नाही सांगणार. मी आत्ता घरी जाऊन ताईला सगळं खरं सांगणार आहे. कुठली जागा, कधीची गाडी, दारं बंद असतात ते, सगळं. मग ती ‘हो’ म्हणो, नाहीतर जन्मभर त्या खोलीत बसो. मला रडू येतंय, तरी सांगते. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ती गाडीत बसणार नाही. आई, बाबा, तुम्ही मारलंत तरी चालेल, पण मी ठरवलंय.”