माझी उजवी बाजू सकाळची आहे

मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातला एक जुना पडदा आहे आणि मित्रांनो, माझं अर्धं अंग शिळं आहे. हे मी केव्हाच ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठाय? आकडे तेवढे आहेत.

माझी डावी बाजू ताजी. रस्त्यावर गाड्या धावतात तसे माझ्यावर त्यांचे ठिपके धावतात. गाडी सिग्नलला थांबली की ठिपकाही थांबतो. उजव्या बाजूला दवाखान्यांतल्या रिकाम्या खाटा, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्या. हे आकडे क्षणाक्षणाला विचारले तर दवाखान्यांची यंत्रं गुदमरतात. म्हणून रोज सकाळी त्यांची एक नक्कल काढून माझ्यात भरतात आणि ती दिवसभर तशीच राहते. मला जोडणारी मुलगी शहाणी होती. तिनं डावीखाली 'आत्ताचे' आणि उजवीखाली 'सकाळचे' असं लिहून ठेवलं होतं.

माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! पूर्वी फोनवर बसणाऱ्या ताई दवाखान्याला विचारून मगच गाडी पाठवायच्या. मी आल्यावर मोठे साहेब म्हणाले, आता फोन कशाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुढे कोणी बडे पाहुणे मला बघायला येणार होते. साहेबांना ते 'सकाळचे' खटकलं. आपणच आपल्या शिळेपणाची दवंडी का पिटायची, म्हणत त्यांनी दोन्ही शब्द काढायला लावले आणि माझ्या माथ्यावर एक मोठं घड्याळ बसवलं. त्यात सेकंद पळताना दिसतात. त्याच्याखाली जे काही दिसेल ते आत्ताचंच, असं हळूहळू सगळ्यांना वाटू लागलं. ताईंनासुद्धा.

परवा दुपारी एका प्रसूतिगृहातून फोन आला. सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ, मूठभर जीव, आणि तिथे पेटी नाही. आई उठण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून बाळाची मावशी त्याला छातीशी धरून गाडीत बसली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. नदीपलीकडच्या दवाखान्यापुढे हिरवा एक होता, म्हणजे एक पेटी रिकामी. त्यांनी चालकाला तिकडे जायला सांगितलं.

अहो, नका पाठवू! ती पेटी अजून रिकामी आहे की नाही, मला काय ठाऊक? डावीकडे ठिपका जिवाच्या आकांतानं पळत होता आणि उजवी बाजू ढिम्म. ठिपका दवाखान्यापाशी थांबला, मग वळला. तिथली पेटी सकाळी नक्कल निघाल्यावर तासाभरातच भरली होती. ताईंनी पुन्हा माझ्याकडेच पाहिलं आणि दुसरा हिरवा आकडा सांगितला. वीज गेली तर बरं, मी काळा पडलो तर बरं, असं झालं मला. वीज काही गेली नाही. ठिपका तिथूनही परतला.

"ताई, मावशी विचारतायत, अजून किती लांब," चालक वायरलेसवरून म्हणाला.

तेव्हा कुठे ताईंनी फोन उचलला. एका दवाखान्यानं लगेच सांगितलं, पेटी आहे, पाठवा. माझ्यावर त्याच्यापुढे दिवसभर लाल शून्य होतं. तो दवाखाना प्रसूतिगृहाच्या मागच्याच गल्लीत होता.

काल सकाळी नवी नक्कल आली. त्याच दवाखान्यापुढे आता हिरवा एक. पेटी कशामुळे रिकामी झाली, हे आकड्यात नसतं. ताई किती तरी वेळ त्या एकाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी फोन लावला. बाळ पहाटे गेलं होतं.

फोन ठेवून त्यांनी एक कागद फाडला, त्यावर ठळक अक्षरांत 'सकाळचे आकडे. आधी फोन करा' असं लिहिलं आणि चिकटपट्टीनं माझ्या उजव्या बाजूला लावला. कागद तिरका लागलाय, चिकटपट्टीही सुरकुतलीय. पण मित्रांनो, किती दिवसांनी माझ्या अंगावर एक खरं वाक्य आलं!

उद्या पुन्हा पाहुणे यायचेत. भिंत कशी लख्ख दिसली पाहिजे, असं साहेब आत्ताच बजावून गेले आणि शिपाई ओलं फडकं घेऊन खुर्चीवर चढतोय. बाबा रे, मला पूस, खुशाल पूस. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी दारातून जात असेल तर आत या आणि त्याचा हात धरा. तेवढी चिठ्ठी राहू द्या हो.