चांदोदच्या घाटावर दिलेला शब्द

कावळा शिवेना.

नर्मदेकाठी चांदोदच्या घाटावर पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. लिंबावर चार-पाच कावळे बसले होते, पण एकही खाली उतरायला तयार नव्हता. गुरुजी सदानंदरावांना म्हणाले, "बाईंचा जीव कशात तरी अडकलाय. शब्द द्या."

नीरा वडिलांच्या मागे उभी होती. आई जाऊन आज दहावा दिवस. सकाळी बडोद्याहून निघताना नलिनीआत्यानं बजावलं होतं, "पोटुशी बाई घाटावर जात नाही गं." नीरा तरीही गाडीत बसली होती. आई दवाखान्यात असतानाच नीराची सोनोग्राफी झाली होती. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झाली नव्हती. जन्मलं तरी काही तासच जगणार होतं. हे तिला, तिच्या नवऱ्याला, हेरंबला, आणि आईला, तिघांनाच ठाऊक होतं. परवा, सोमवारी, गर्भपातासाठी दाखल व्हायचं होतं. तेव्हाच्या कायद्यानं दिलेली वीस आठवड्यांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. दहावं झालं की बाबांना सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आत्या पुढे झाली. "वहिनी, दादाची काळजी करू नकोस. मी येत-जात राहीन."

कावळे जागचे हलले नाहीत.

"आई, तुमच्या कुंड्यांना मी पाणी घालीन," हेरंब म्हणाला.

"कुंड्यांसाठी अडलीय होय ती!" आत्या रडता रडता म्हणाली. गुरुजींनाही हसू आलं.

मग सदानंदरावांनी हात जोडले. "अहल्या, नीराच्या बाळाची चिंता सोड. मी वाढवीन त्याला. शब्द देतो."

एक कावळा झपकन उतरला आणि त्यानं पिंडात चोच खुपसली.

आत्यानं पदर तोंडाला लावला. "नीरे, आई येतेय गं परत, तुझ्या पोटी!"

नीराचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. कॉलेजात असताना याच विषयावर ती आत्याशी तावातावानं भांडली होती. पण त्या क्षणी तिचा हात पोटाकडे गेला आणि एका श्वासापुरतं तिला सगळं खरं वाटलं. मग वाटलं, आता कसं सांगायचं?

परतताना वाटेत गाडी चहासाठी थांबली. बाबा आणि आत्या टपरीपाशी गेले, तेव्हा हेरंब हळूच म्हणाला, "आपोआप पडलं असं सांगू या. कोण विचारायला येणारेय?"

नीरानं काचेतून बाबांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी बशीत चहा ओतून घेतला होता. "नको," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, आई आली आणि पुन्हा गेली. दोनदा कसं सोसतील ते?"

निजामपुऱ्यातल्या घरी पोचल्यावर हातपाय धुऊन सगळे बसले आणि तिनं सांगितलं. जे होतं ते, डॉक्टरांच्याच शब्दांत.

आधी आत्याच बोलली. "तेरावं व्हायच्या आत? दादानं शब्द दिलाय, कावळा शिवलाय! दोन तास तर दोन तास. देवानं दिलेले तास काढून घेणारे आपण कोण?"

"आत्या, ते दोन तास मी चार-पाच महिने पोटात वागवायचे. शेजारीपाजारी विचारतील, नाव काय ठेवणार? काय सांगू?"

"सोसायचं. बायकांनी काय थोडं सोसलंय? पण तू तुझ्या आईचीच लेक. जन्मभर पाणीगेटच्या कुटुंबनियोजन केंद्रात ती बायकांना तांबी बसवत राहिली..."

"नलू," सदानंदराव म्हणाले.

ते नीराकडे वळले. "तिला माहीत होतं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणाच्या भिडेनं ठेवू नकोस, कुणाच्या भिडेनं काढू नकोस. आणि ठरवलंस की मग पोटभर रड."

सदानंदरावांनी लहान मुलासारखं विचारलं, "मग नीरा, कावळा कसा शिवला?"

त्याचं उत्तर नीराजवळ होतं. कावळा भुकेला होता, आणि घाटावर माणसं थोडी, तीही लांब उभी. तेवढं सांगितलं असतं तर बाबांकडे काहीच उरलं नसतं.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "मला हवं होतं हे बाळ."

सदानंदराव उठून तिच्याशेजारी येऊन बसले. "तुला न विचारता बोललो मी. शब्द माझा होता, मोडला तर दोषही माझाच. अहल्येला काय सांगायचं ते मी सांगेन. सोमवारी किती वाजता निघायचं?"

"आठला," हेरंब म्हणाला.

आत्या नाक पुसत उठली. "मला नाही पटलेलं. साफ सांगते." स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली. "सोमवारी मऊ भात करून ठेवते. दवाखान्यातलं काही खाऊ नका."

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. बाबांचा हात नीराच्या पाठीवर होता. ती रडत होती, आईनं सांगितलं होतं तशी, पोटभर. आणि तेवढ्यात तिच्या पोटात काहीतरी हललं, पाण्यात मासोळी वळावी तसं, अगदी पहिल्यांदाच.

तिनं श्वास रोखला. पुन्हा हललं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," नीरा म्हणाली.