तिसऱ्या थरातली सरळ रेघ

"परत पिवळीच आली?" मागून आवाज आला, तसा ताईंनी पडद्यावरचा नकाशा घाईघाईने बंद केला.

"काय पिवळी?"

"काही नाही. सहज विचारलं." नवा इंजिनियर कपातल्या चहावर फुंकर मारत पुढे गेला. त्याच्या शर्टाची घडी दिवसभर मोडत नसे, म्हणून ऑफिसात सगळे त्याला इस्त्री म्हणत. पण सहज विचारणारा माणूस नेमकं पिवळीबद्दलच कसं विचारतो, हे ताईंच्या डोक्यातून जाईना.

त्यांनी नकाशा पुन्हा उघडला. सात पुरांचे सात थर एकावर एक अंथरलेले. प्रत्येक थरावर शहराचे बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात त्या पुराच्या वेळी पाणी किती खोल होतं त्याचा आकडा. सुई कापडाच्या घडीतून आरपार जावी तसा प्रोग्रॅम एकेका चौकोनातून सातही थर उतरून जाई आणि सरासरी काढी. मग वस्तीतल्या सगळ्या चौकोनांची मिळून एक सरासरी. ती अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त भरली की वस्ती लाल, आणि लाल वस्तीला नदीकाठी संरक्षक भिंत. कमी भरली की पिवळी, आणि पिवळीला नुसतं आश्वासन. यादी संध्याकाळी वर जायची होती.

खालची वस्ती सत्तेचाळीस सेंटिमीटरवर अडकली होती.

त्या वस्तीत ताई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. भाऊ अजून तिथेच राहत होता, आणि अंथरुणाला खिळलेले वडीलही. पूर आला की वडिलांना खुर्चीसकट माळ्यावर चढवायला चार माणसं लागत. मागच्या पुरात शेजारी दोघेच उरले होते. मधल्या पायरीवर खुर्ची कलली होती.

फोन थरथरला. भाऊच होता. "काय गं, आपलं आलं ना?"

"दादा, ऑफिसच्या वेळेत फोन करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

"बरं बाई, चुकलं. हो की नाही, एवढंच सांग."

"अजून चाललंय."

"आपोआप थोडंच चालतं? कोणीतरी चालवत असणार," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ताईंच्या मनातही तेच होतं. परवाच इस्त्री वरच्या काठाला भिंत मिळावी म्हणून खेटे घालणाऱ्या ठेकेदाराबरोबर जिन्यात खिदळताना दिसला होता. सरासरी सगळं पोटात घालते, तिला विचारून काही कळायचं नाही. म्हणून ताईंनी सरासरी बाजूला ठेवली आणि प्रोग्रॅमकडे किमान आकडा मागितला.

किमान आलं शून्य.

खालच्या वस्तीत शून्य? पूर नावापुरता आला तरी पहिलं पाणी तिथेच शिरायचं. त्यांनी एकेक थर सुटा करून पाहिला. तिसऱ्यात सापडलं. तिसरा म्हणजे सातांतला सगळ्यांत मोठा पूर. पुलाच्या अलीकडे पुरुषभर पाणी, पलीकडे खालच्या वस्तीत शून्य, आणि मध्ये पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. पाणी असं थांबत नाही. त्याला कोणीतरी थांबवावं लागतं.

त्या तडक इस्त्रीच्या टेबलापाशी गेल्या. "तिसरा थर तुम्ही उघडला होता?"

"उघडला होता. मागच्या आठवड्यात."

"कशासाठी?"

"ती रेघ खटकली म्हणून." तो जरा घुटमळला. "साहेबांना दाखवली. ते म्हणाले, ताईंचं माहेर तिकडे आहे, त्यांच्या कानावर घालू नका."

"म्हणजे माझ्याच भावाच्या घरात मी शून्य घातलं?"

"शून्य नाही हो. आम्हाला वाटलं, शून्यच खरं असेल. बाकीच्या सहा थरांत तुम्ही पाणी ओतलं असेल."

ताईंना हसावं की चिडावं कळेना. "आणि ठेकेदाराबरोबर जिन्यात काय चाललं होतं?"

"मेव्हणा आहे माझा. झालं? आता तर तुमची खात्रीच पटली असेल."

"अर्धी पटली," ताई म्हणाल्या. "चला, काकांना विचारू."

जुने कागदी नकाशे संगणकावर काकांनीच चढवले होते. ताईंना काम शिकवलं तेही काकांनीच. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. दोघं एकदम समोर येऊन उभी राहिलेली पाहून त्यांनी चष्मा काढला.

"काका, तिसऱ्या पुराच्या कागदावर खालच्या वस्तीत कुठला रंग होता?"

"रंग नव्हताच. कोरं होतं. आणि कोरं म्हणजे कोरडं. आम्ही शाईने नकाशे काढायचो तेव्हापासूनची रीत आहे ती. पाणी तिथे निळं, बाकी कोरा कागद. म्हणून शून्य भरलं."

उत्तर इतकं तयार होतं की ताईंना काकांचीही शंका आली. यांना कोणी पढवलं तर नसेल?

"आणि तिथे कोणी मोजलंच नसेल तर?"

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या पुरात मोजणी करणाऱ्यांची होडी पुलापाशी मागे फिरली होती. ओढच तेवढी होती. ही गोष्ट काकाच प्रत्येक नव्या माणसाला रंगवून सांगत. होडी जिथे वळली तिथेच कागदावरचा रंग संपला होता.

"जिथे सगळ्यांत खोल होतं..." ते म्हणाले.

साहेब आले, त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकलं. "तो भाग मोजलाच नाही असं धरून वगळला तर?"

"उरलेल्या सहांची सरासरी पंचावन्न," इस्त्री म्हणाला. "लाल."

"वा. यादी जायच्या दिवशीच ताईंचं माहेर लाल. लोक काय बोलतील ते मी सांगायला नको. ताईंच्या शब्दावर मी हे बदलणार नाही." मग ते काकांकडे वळले. "ज्याने थर केला त्याने चूक स्वतःच्या नावावर घेतली तरच दुरुस्ती होईल. पण मग चौकशी लागते, आणि तुम्ही आता निवृत्तीच्या तोंडावर. नाहीतर स्कॅनरचा दोष म्हणू. तो केव्हाच भंगारात गेलाय. सावकाश तपासणी होईल. यादी मात्र आहे तशी जाईल."

ताईंनी काकांकडे पाहायचं टाळलं. ते स्कॅनरच म्हणणार. एवढ्या नोकरीत एकही डाग लागू न दिलेला माणूस शेवटच्या महिन्यात कशाला लावून घेईल?

काका उठले आणि ताईंच्या खुर्चीपाशी गेले. "जरा बसू दे गं मला."

"काका, त्या थरातली सगळी शून्यं एकदम पुसता येतात. मी करून देऊ?"

"नको. टेकडीवर त्या वर्षी खरंच पाणी नव्हतं. तिथलं शून्य खरं आहे, ते कशाला पुसायचं?"

त्यांनी पुलापासून सुरुवात केली. माऊस एकेका कोपऱ्यावर थांबवत, चुकला तर मागे घेत, वस्तीभोवती हद्द आखली. आतली शून्यं पुसली. मग सातही थरांची सरासरी पुन्हा काढायला लावली. इस्त्री वाकून बघत होता. खालची वस्ती लाल झाली. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खालच्या चौकटीत दुरुस्तीचं कारण लिहीत होते: न मोजलेली जागा माझ्या हातून कोरडी म्हणून भरली गेली. त्याखाली एका बोटाने एकेक अक्षर दाबत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं.

साहेब आपल्या खोलीत गेले.

"नीट आलंय का बघ," काका म्हणाले. "चौकशीवाले नावापासूनच सुरुवात करतात."

ताईंनी वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. इतकी वर्षं त्या काकांच्या शेजारच्या टेबलावर बसत होत्या, त्यांना नुसतं काका म्हणत होत्या. पण ते नाव बरोबर आहे की नाही, हे त्यांना सांगता येईना.