माशाला कोणताही त्रास झालेला नाही

आमचे डॉक्टर दातांचे. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात उजेड पाडून बारीक छिद्रं शोधण्यात गेली, त्यामुळे पन्नाशीत छंद लागला तोही तसलाच. समुद्राच्या तळाशी जाऊन बोटभर प्राण्यांचे फोटो काढायचे. लोकांना समुद्रात उतरलं की काहीतरी भलंमोठं बघावंसं वाटतं. डॉक्टरांना तीन इंचांच्या वरचं काही दिसतच नाही. शेजारून कासव गेलं तरी यांचं नाक वाळूत.

मी त्यांची बायको, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आणि पाण्याखालची जोडीदार. पहिली दोन कामं मी आपणहून पत्करली होती. तिसरं गळ्यात पडलं, कारण डायव्हिंगला एकट्याने उतरू देत नाहीत. दोघादोघांच्या जोड्या लावतात. एकमेकांवर नजर ठेवायची, हात पोचेल एवढ्याच अंतरावर राहायचं आणि एकाची हवा संपत आली की दोघांनी मिळून वर यायचं. लग्नातसुद्धा इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. मग मीही या वयात पोहणं सुधारलं, परीक्षा दिली आणि पाठीला टाकी बांधून नवऱ्यामागे तळाशी जायला लागले. मी नवऱ्याला पाण्यात पाहते, असं तेव्हापासून मीच सगळ्यांना सांगत सुटले.

आता त्या दिवसाचं सांगते. खोली असेल चौदा मीटर. गाइडने आम्हाला वाळूतलं एक बीळ दाखवलं आणि दुसऱ्या जोडीला घेऊन तो थोडा पुढे, एका खडकापाशी गेला. बिळातून एका माशाचं डोकं बाहेर आलं होतं. मासा एवढासा, पण तोंड केवढं! आणि त्या तोंडात गच्च भरलेली अंडी. या जातीत बायको अंडी घालते आणि मोकळी होते. पुढे नवरा ती तोंडात धरून बसतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत बिचारा धड खातसुद्धा नाही. अधूनमधून जबडा उघडून अंड्यांना ताजं पाणी देतो, तेवढाच काय तो फोटोचा क्षण. डॉक्टर वाळूवर पालथे पडले, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जगातून उठले.

अर्धा तास मी शेजारी बसून होते. माझ्या हवेच्या मीटरचा काटा दोनशेवरून पन्नासवर आला. पन्नासला वर निघायचं, हे ठरलेलं. मी मूठ छातीवर ठेवून ‘हवा कमी’ अशी खूण केली. पण कुणाला? त्यांचा एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा मिटलेला. खांदा हलवला तर त्यांनी एक बोट वर केलं. म्हणजे एक मिनिट. दुपारी जेवायला हाक मारली की दवाखान्यातही हेच बोट दिसतं, आणि ते मिनिट किती वेळाचं असतं ते मला चांगलंच माहीत आहे.

इथे माझीही चूक कबूल करते. तेव्हाच गाइडकडे गेले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, तो हाकेच्या अंतरावर होता, फक्त पाण्यात हाक मारता येत नाही एवढंच. पण मी हट्टाला पेटले. जोडीदार हे आहेत ना, मग यांनीच बघायला हवं. काटा चाळीसवर आला, मग तीसवर. रागाने मी हवाही जास्तच ओढत होते. शेवटी म्हटलं, हा माणूस कॅमेऱ्यातूनच बघतो ना, मग कॅमेऱ्यातूनच दाखवू. मी मीटर धरलेला हात थेट भिंगासमोर नेला. मासा सटकन बिळात गेला. फ्लॅश उडाला, तीनदा. आणि मग डॉक्टरांनी कोपराने माझा हात बाजूला सारला.

तेव्हा मात्र मी घाबरले. काटा वीसच्याही खाली चालला होता आणि वर जायचं कसं हेच सुचेना. नशीब, गाइडचं लक्ष गेलं. तो आला, मीटर बघितला, आपली जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि मनगट धरून मला हळूहळू वर घेऊन आला. डॉक्टर त्यानंतर वीस मिनिटांनी उगवले. बोटीची शिडी चढता चढताच ओरडले, “मिळाला! पूर्ण जबडा उघडलेला! मध्येच तुझा हात आला ना, मला वाटलं घालवलंस सगळं.”

गाइड तावातावाने त्यांच्याकडे निघाला होता. मी त्याला थांबवलं, म्हटलं, “मी सांगते त्यांना.” आणि सांगितलं नाही. तो हात मध्ये का आला, एवढं एक यांनी आपणहून विचारावं. विचारलं की सगळं सांगायचं आणि विषय संपवायचा. त्यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

दोन महिने वाट पाहिली. दरम्यान तो मासा मोठा करून, चौकट करून दवाखान्यात खुर्चीसमोर टांगला गेला. पेशंट आ करून त्याच्याकडे बघायचा आणि मासा आ करून पेशंटकडे. मग डॉक्टरांनी फोटो एका मोठ्या स्पर्धेला पाठवला, ‘जबाबदारी’ असं नाव देऊन. प्राण्यांच्या वर्तनाच्या विभागात पहिलं बक्षीस! नणंदेचा लगेच फोन आला.

“वहिनी, दादाची एकाग्रता लहानपणापासून अशीच हो!”

“हो ना,” मी म्हटलं. “बघणाऱ्याचा जीव जातो.”

बक्षीस हातात पडण्याआधी परीक्षकांनी मूळ फाइल आणि तिच्या मागचेपुढचे पाच-पाच फोटो मागवले. सगळ्याच विजेत्यांकडून मागवतात. डॉक्टरांनी मोठ्या ऐटीत पाठवून दिले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. विजेत्या फोटोच्या आधीच्या तीन फोटोंत माणसाचा हात दिसतो. हाताला घाबरून मासा बिळात गेला आणि दोन मिनिटांनी जबडा उघडून बाहेर आला. फोटोसाठी त्याला डिवचलं गेलं का? हात ज्याचा आहे त्याचं सहीचं निवेदन दहा दिवसांत पाठवावं, नाहीतर बक्षीस रद्द.

डॉक्टरांचं धाबं दणाणलं. डावी दाढ काढायची होती त्या माणसाच्या उजव्या बाजूला इंजेक्शन दिलं. हातमोजे तसेच घालून ते माझ्या काउंटरपाशी आले.

“अगं, तो हात तुझा ना?”

आता विचारणार, म्हटलं.

“हो, माझाच.”

“मग लिहून दे बाई पटकन, माशाला हात लावला नाही म्हणून.”

“आणि मध्ये का घातला, ते?”

“तेही लिही. त्यांना पटेल असं काहीही लिही.”

मी काहीही लिहिलं नाही, खरं ते लिहिलं. काटा कितीवर होता, मी कितीदा खूण केली, बोट कसं वर झालं, कोपर कसं लागलं, गाइडने कसं नेलं. शेवटी लिहिलं, की मी माशाला स्पर्श केला नाही आणि फोटो निघाला तेव्हा मी तिथे नव्हतेच, दुसऱ्याची हवा घेत वर चालले होते. सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. यापेक्षा सोपं करून सांगणं मला शक्य नव्हतं.

ते उभ्या उभ्या वाचत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटपर्यंत वाचलं, मग परत वर गेले, पुन्हा एकदा वाचलं.

“छान लिहिलंयस,” ते म्हणाले. “फक्त ‘स्पर्श केला नाही’ याच्याखाली रेघ मार. आणि हे हवेचं जरा लांबलंय.”

“काढून टाकू?”

त्यांनी विचार केला. “नको, राहू दे. त्याने खरं वाटतं.”

पाण्याखाली वाटलं नव्हतं एवढं एकटं मला त्या काउंटरमागे वाटलं. मी पट्टी घेऊन रेघ मारली, कागद स्कॅन केला आणि पाठवून दिला. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

आठवड्याने उत्तर आलं. डॉक्टर खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे तसेच ठेवून बाहेर आले आणि माझ्या कॉम्प्युटरवरून मोठ्याने वाचायला लागले. निवेदन समाधानकारक आहे. माशाला जाणूनबुजून त्रास दिलेला नाही. छायाचित्रकाराचा संयम वाखाणण्यासारखा. बक्षीस कायम.

“बघितलंस? संयम म्हणतायत!” त्यांचे डोळे चमकत होते. आनंदाने त्यांनी माझा खांदासुद्धा दाबला. मग पुन्हा पडद्याकडे वाकले. “थांब, खाली अजून आहे काहीतरी. ‘तिसरा फोटो आम्ही मोठा करून पाहिला. मीटरचा काटा वीसवर असल्याचे स्पष्ट दिसते. त्या बाई आता बऱ्या आहेत ना? कृपया कळवावे.’”

आतून पेशंटचं हूं हूं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

“अगं, तू बरी आहेस का, असं विचारतायत ते. काय कळवू?”

माझे डोळे भरून आले. परीक्षक कोण, कुठले, मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

“त्यांना कळवा,” मी म्हटलं, “की विचारल्याबद्दल मी फार फार आभारी आहे.”

डॉक्टरांनी दोन बोटांनी शब्दन् शब्द टाइप केला, एकदा तपासला आणि पाठवून दिला.