निकिता मॅडमच्या टेबलावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. मूठ प्लास्टिकची असली तरी काच अस्सल आहे, बरं का! नगरच्या एका दवाखान्यात नाक सुंदर करायला माणसं येतात. ऑपरेशनआधी निकिता मॅडम त्यांच्या मनाची तपासणी करतात. मला त्यांच्या हाती देऊन विचारायच्या, "काय खुपतं?" "या आरशावाचून माझं अडतं," असं त्या म्हणाल्या की मी फुगून जायचो.

एकदा पाथर्डीकडची सुकन्या आली. एका स्थळाने नाकावरून नकार दिल्यापासून पोरगी ओढणीत तोंड लपवायची. मॅडम यायच्या आधी तिची आई रतनबाई कुजबुजली, "पाव्हन्याम्होरं बसतीस तशीच बस. थोडकं बोल. रडलीस तर ऑपरेशन करायची न्हाईत."

झालं! मॅडमनी विचारलं, "आरशात फार बघतेस का?"

"न्हाई."

"लोकांत जायला नको वाटतं?"

"न्हाई. समदं बरं हाय. नाक जरा नीट व्हावं, बास."

मान खाली, आवाज गोड. टेबलाखाली मात्र तिने माझी मूठ अशी आवळली होती की आता तुटतो, असं मला वाटलं. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती! मॅडमना पोरगी समजूतदार वाटली आणि त्यांनी होकार दिला.

ऑपरेशन झालं. नाक देखणं झालं. काही महिन्यांनी सुकन्या आली, माझ्यात बघत राहिली आणि हमसून हमसून रडली. "मॅडम, हे पयल्यापरीस वाकडं हाय. दिसभर मोबाईलमधी तेच बघती. जीव नको झालाय."

मॅडम हादरल्या. "बाळा, नाक चांगलं आहे. दुखणं मनाचं आहे, त्यावर उपचार आहेत."

रतनबाई उसळली. "माझी पोरगी येडी न्हाई! भाईर कळलं तर कोन करंल तिला? दुसऱ्या डॉक्टरकडनं परत नाक करून घिऊ."

ती लेकीला ओढत घेऊन गेली. जिन्यातून सुकन्याचा आवाज आला, "आये, मॅडम म्हनत्यात तसं करू की गं."

"गप. मानसं ऐकत्यात."

मॅडमचा माझ्यावरचा भरवसा उडाला आणि आता मी खणात धूळ खात पडलोय. मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण घरातलं कुणी आरशापुढून हलत नसेल, तर त्याला काय बोलायचं ते पढवू नका. त्याचं ऐका. सुकन्या पुन्हा कधीच आली नाही.